विश्लेषण : ‘चोर बीटी’मधला चोर कोण? बियाण्यांची मालकी, पेटंट आणि ‘पायरसी’चा वाद काय आहे?

खरीप जवळ आला की छत्रपती संभाजीनगर, जालना, बीडपासून विदर्भापर्यंत कृषी विभागाची भरारी पथके फिरू लागतात आणि अनधिकृत कापूस बियाणे पकडल्याच्या बातम्या येऊ लागतात. गावात या बियाण्याला सरळ ‘चोर बीटी’ म्हणतात. पण चोरी नेमकी कोणाची झाली? कंपनीच्या तंत्रज्ञानाची, सरकारी परवानगीची की शेतकऱ्याच्या पैशाची? उत्तर शोधताना बियाणे ही ‘खासगी मालमत्ता’ कधी आणि कशी झाली, इथवर जावे लागते.

‘चोर बीटी’ म्हणजे काय?

भारतातील शेतात व्यावसायिक प्रमाणात पिकणारे एकमेव जनुकीय सुधारित पीक म्हणजे बीटी कापूस. मातीतील ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ या जिवाणूचे जनुक कापसात घालून बोंडअळीला मारक प्रथिन झाडातच तयार केले जाते. एक जनुक असलेल्या ‘बोलगार्ड-१’ला २००२ मध्ये आणि दोन जनुके असलेल्या ‘बोलगार्ड-२’ला २००६ मध्ये केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने (जीईएसी) परवानगी दिली.

‘एचटीबीटी’ ही त्यापुढची पायरी आहे. यात बोंडअळीविरोधी जनुकांसोबत ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करण्याचे जनुकही असते. फवारणी केली की तण जळते, कपाशी उभी राहते. निंदणी-खुरपणीला मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर परवडत नाहीत, अशा काळात शेतकऱ्याला याचे आकर्षण वाटणे साहजिक आहे. मात्र या वाणाला भारतात लागवडीची परवानगी नाही. तरीही ते बाजारात आहे. केंद्राने नेमलेल्या पाहणी समितीला २०१७-१८ मध्ये महाराष्ट्र, तेलंगणा आणि आंध्र प्रदेशात कापूस क्षेत्राच्या सुमारे १५ टक्के भागात ते आढळले होते.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. एचटीबीटीवरील कारवाई पेटंट मोडले म्हणून होत नाही. ती पर्यावरण संरक्षण कायदा, बियाणे कायदा आणि राज्याच्या कापूस बियाणे कायद्याखाली होते. म्हणजे कायद्याच्या लेखी हे बियाणे ‘चोरीचे’ असण्याआधी ‘विनापरवाना’ आहे.

बियाण्याची पायरसी सॉफ्टवेअरपेक्षा वेगळी कशी?

सिनेमाची किंवा सॉफ्टवेअरची नक्कल करायला कोणाला तरी बसून ती करावी लागते. बियाण्याचे तसे नाही. ते पेरले की स्वतःच आपली नक्कल करते. एका दाण्याचे शंभर दाणे होणे हा निसर्गाचा नियम आहे आणि शेती याच नियमावर हजारो वर्षे चालली. घरच्या पिकातले चांगले बी बाजूला काढायचे, राखेत किंवा कडुनिंबाच्या पाल्यात ठेवायचे, शेजाऱ्याला सवाई-दिडीने द्यायचे, यात कोणी कोणाचा चोर नव्हता.

भांडवली बाजाराची अडचण इथेच सुरू होते. जी वस्तू एकदा विकली की ग्राहक पुढच्या वर्षी ती घरीच तयार करू शकतो, तिच्यावर नफा कसा मिळवायचा? आणि नफा नसेल तर संशोधनात कोट्यवधी रुपये कोण गुंतवणार? यावर उद्योगाने तीन कुंपणे घातली. पहिले कुंपण जैविक, म्हणजे संकरित बियाणे. त्याची दुसरी पिढी एकसारखी येत नाही, त्यामुळे दरवर्षी नवे पाकीट घ्यावे लागते. दुसरे कुंपण कायद्याचे, म्हणजे पेटंट आणि वाणावरील हक्क. तिसरे कराराचे, म्हणजे परवाना आणि रॉयल्टी.

अमेरिकेत शेतकरी सरळ वाण पेरतात, त्यामुळे तिथे कायदा आणि करार ही कुंपणे कडक आहेत. २०१३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने इंडियाना राज्यातील बोमन या शेतकऱ्याविरुद्ध एकमताने निकाल दिला. पेटंट असलेल्या सोयाबीनचे दाणे पुन्हा पेरून त्याने पेटंटचा भंग केला, असे न्यायालयाने म्हटले. भारतात बीटी कापूस जवळजवळ संपूर्णपणे संकरित वाणांतच आला. त्यामुळे इथे पोलिसाचे काम बियाण्यातच बसवले गेले.

संभाजीनगर-जालना पट्टा या वादाच्या केंद्रस्थानी कसा आला?

१९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापन केली. भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात करून त्यांनी शेतकऱ्यांच्याच शेतात बीजोत्पादन घेण्याची पद्धत रुजवली. या कामासाठी १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अमेरिकेतील ‘मोन्सँटो’ने महिकोमध्ये २६ टक्के हिस्सा घेतला. दोन्ही कंपन्यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीतून ‘महिको मोन्सँटो बायोटेक’ उभी राहिली आणि बीटी तंत्रज्ञान याच दाराने देशात आले. जालना-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरील दावलवाडी येथे महिकोचे संशोधन केंद्र आहे.

छत्रपती संभाजीनगरमध्येही पैठण रस्त्याच्या पट्ट्यात ‘नाथ बायोजीन’, ‘अजित सीड्स’ यांसारख्या कंपन्या वाढल्या. यातील नाथने चिनी संशोधन संस्थेच्या बीटी जनुकाचा पर्याय आणला, त्याला २००६ मध्ये मान्यता मिळाली. त्याच वर्षी ‘जेके’च्या स्वतंत्र जनुकालाही मान्यता मिळाली. कागदावर स्पर्धा सुरू झाली. पण त्याच हंगामात दोन जनुकांचे बोलगार्ड-२ आले आणि बहुतेक देशी कंपन्यांनी त्याचाच परवाना घेतला. दुकानात पाकिटावरची नावे डझनावारी दिसत राहिली, आतले तंत्रज्ञान मात्र एकाचेच होते.

पहिले ‘चोर’ बियाणे कुठे सापडले?

बीटीला अधिकृत मान्यता मिळण्याआधीच. ऑक्टोबर २००१ मध्ये गुजरातमध्ये बोंडअळीचा जोर असताना काही हजार एकरांवरची कपाशी मात्र टवटवीत होती. तपासणीत त्या ‘नवभारत १५१’ वाणात बीटी जनुक निघाले. हे पीक उपटून जाळण्याचे आदेश निघाले. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी गुजरातेत गेले आणि त्यांनी शेतकऱ्यांची बाजू घेतली. चांगले पीक जाळायला कोणी तयार नव्हते. पीक वाचले, पुढे त्याचे बियाणेही पसरले आणि मार्च २००२ मध्ये महिकोच्या तीन संकरित वाणांना मान्यता मिळाली.

या प्रकरणातून पुढच्या वीस वर्षांचा नमुना तयार झाला. शेतात आधी, परवानगी नंतर. मान्यतेची वाट न पाहता बियाणे पसरले की यंत्रणेला वस्तुस्थितीपुढे नमते घ्यावे लागते, हा धडा बियाण्याच्या काळ्या बाजाराने तेव्हाच घेतला.

‘चोरी’चा शिक्का केवळ खासगी व्यापाऱ्यांवर बसला असेही नाही. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचे कृषी विद्यापीठ यांनी ‘बिकानेरी नरमा बीटी’ हे सरळ वाण आणले. शेतकऱ्याला बियाणे घरचे राखता येईल, असे ते सरकारी बीटी होते. पण त्यात मोन्सँटोचेच जनुक आढळले. २००९ च्या अखेरीस विक्री थांबली आणि सोपोरी समितीने २०१२ च्या अहवालात या जनुकाच्या उपस्थितीवर शिक्कामोर्तब केले. सार्वजनिक संशोधनाची विश्वासार्हता तर गेलीच, शिवाय कंपन्यांना पर्याय उभा राहण्याची संधीही काही वर्षे लांबली.

रॉयल्टीवरून भांडण का झाले?

सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटाची किंमत १,६०० रुपयांच्या घरात होती. त्यातला मोठा वाटा बियाण्याचा नव्हता, तंत्रज्ञान शुल्काचा होता. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी नियंत्रण आयोगाकडे (एमआरटीपीसी) दाद मागितली. त्यानंतर राज्यांनी पाकिटाची कमाल किंमत ७५० रुपयांपर्यंत खाली आणली. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्याचा पुरवठा, विक्री आणि किंमत नियंत्रित करणारा स्वतंत्र कायदा केला. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रानेही किंमत नियंत्रण आदेश काढला.

मार्च २०१६ मध्ये केंद्राने बोलगार्ड-२च्या पाकिटाची किंमत ८०० रुपये आणि त्यातील तंत्रज्ञान शुल्क ४९ रुपये ठरवले. हे शुल्क २०१८ मध्ये ३९, २०१९ मध्ये २० आणि २०२० मध्ये शून्य झाले. मजा अशी की शुल्क शून्य झाले तरी पाकीट स्वस्त झाले नाही. २०२० मध्ये ते ७३० रुपयांना होते, २०२५ च्या खरिपात कमाल किंमत ९०१ रुपये होती. पेटंटधारकाचा वाटा गेला, बियाणे उत्पादनाचा खर्च आणि कंपन्यांच्या मागण्या वाढत राहिल्या.

या भांडणाचा एक परिणाम थेट ‘चोर बीटी’शी जोडलेला आहे. मे २०१६ मध्ये केंद्राने तंत्रज्ञानाचा परवाना कोणी मागितला तर तो द्यावाच लागेल, अशा स्वरूपाचे धोरण मांडले. त्याच वर्षी महिकोने मोन्सँटोच्या तंत्रज्ञानावर आधारित एचटीबीटीचा मान्यतेसाठीचा अर्ज मागे घेतला. अधिकृत दार बंद झाले, पण चाचण्यांच्या काळातले बियाणे कुठून तरी बाहेर आलेले होते आणि मागणीही होती. मागच्या दाराचा धंदा त्यानंतर फोफावला.

भारतात बियाण्यावर पेटंट मिळते का?

पेटंट कायद्याचे कलम ३(जे) सांगते की वनस्पती, त्यांचे भाग, बियाणे आणि वाण यांवर पेटंट मिळणार नाही. सूक्ष्मजीवांना यातून वगळले आहे. मग प्रयोगशाळेत तयार केलेले जनुक बियाण्यात गेल्यावर त्यावरचा हक्क संपतो की राहतो? मोन्सँटो आणि हैदराबादची ‘नुझिवीडू सीड्स’ यांच्यातील खटला याच प्रश्नावर होता.

एप्रिल २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मोन्सँटोचे पेटंट अवैध ठरवले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून पुराव्यांच्या आधारे पुन्हा सुनावणी घेण्यास सांगितले. नोव्हेंबर २०१९ मध्ये पेटंटची २० वर्षांची मुदतच संपली. दरम्यान, मोन्सँटो जर्मनीच्या ‘बायर’ने विकत घेतली होती. मार्च २०२१ मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड केली. त्यामुळे जनुक बियाण्यात गेल्यावर मालकी कोणाची, याचे अंतिम उत्तर न्यायालयाकडून मिळालेच नाही.

शेतकऱ्याचा हक्क कोणता?

वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ या बाबतीत जगातील इतर अनेक कायद्यांपेक्षा शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. त्याच्या कलम ३९ नुसार शेतकरी संरक्षित वाणाचे बियाणेही राखू शकतो, पेरू शकतो, देवाणघेवाण करू शकतो आणि विकूही शकतो. अट एकच, ते ब्रँडच्या नावाने पाकीटबंद करून विकायचे नाही.

एप्रिल २०१९ मध्ये ‘पेप्सिको’ने वेफर्ससाठीच्या ‘एफएल २०२७’ बटाट्यावरून गुजरातमधील काही शेतकऱ्यांवर प्रत्येकी एक कोटी पाच लाख रुपयांचे दावे ठोकले, तेव्हा हेच कलम पुढे आले. देशभर टीका झाली आणि मे महिन्यात कंपनीने दावे मागे घेतले. डिसेंबर २०२१ मध्ये या वाणाची नोंदणी रद्द झाली. मात्र जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो रद्द करण्याचा आदेश बाजूला ठेवला. वाणावर कंपनीचा हक्क आणि बियाणे राखण्याचा शेतकऱ्याचा हक्क हे दोन्ही एकाच कायद्यात शेजारी नांदतात, असे हे चित्र आहे.

चोरी उलट दिशेनेही होते का?

होते, आणि तिला ‘जैवचोरी’ असे नाव आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्यासाठी पेटंट मिळाले. आपल्याकडे प्रत्येक घरात ठाऊक असलेली ही गोष्ट ‘नवी’ कशी, असा सवाल डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील ‘सीएसआयआर’ने केला. जुने ग्रंथ आणि लेख पुरावा म्हणून दिले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द करून घेतले.

बीटी वांग्याच्या बाबतीत हा आरोप थेट महिकोपर्यंत आला. २०१० मध्ये बीटी वांग्याला स्थगिती मिळाली. त्यानंतर स्थानिक वांग्याची वाणे जैवविविधता मंडळाच्या परवानगीविना वापरली, असा ठपका राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने ठेवला आणि २०१२ मध्ये धारवाडच्या न्यायालयात तक्रार दाखल झाली. वाद एकाच उद्योगाचा असला तरी इथे भूमिका बदलल्या होत्या. एरवी पायरसीची तक्रार करणारी बाजू इथे आरोपीच्या पिंजऱ्यात होती.

याहून जवळचे उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांचे. त्यांनी आपल्या छोट्या शेतात निवड पद्धतीने ‘एचएमटी’ हे बारीक तांदळाचे वाण तयार केले. ते राज्याबाहेरही पसरले. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने पुढे ‘पीकेव्ही एचएमटी’ नावाने वाण प्रसारित केले. या वाणावर गिरण्या चालल्या, व्यापारी मोठे झाले. दादाजी मात्र जून २०१८ मध्ये आर्थिक विवंचनेतच गेले. प्रयोगशाळेत झालेल्या कामाला ‘बौद्धिक संपदा’ म्हणतात आणि बांधावर झालेल्या कामाला ‘पारंपरिक ज्ञान’. पहिल्यावर रॉयल्टी मिळते, दुसऱ्यावर सत्कार होतो.

मग ‘चोर बीटी’ पेरणाऱ्यांची भूमिका काय?

१० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेने शेकडो शेतकऱ्यांच्या उपस्थितीत एचटीबीटीची जाहीर पेरणी केली. तेव्हा या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद होती. जनविश्वास कायद्याने पुढे पर्यावरण कायद्यातील कैदेची जागा आर्थिक दंडाने घेतली. जगातल्या शेतकऱ्याला जे तंत्रज्ञान मिळते ते भारतीय शेतकऱ्याला का नको, हा संघटनेचा मुद्दा. त्यांची लढाई कंपनीशी नाही, परवानगी अडवून धरणाऱ्या सरकारशी आहे. तंत्रज्ञानाचे आणि बाजाराचे स्वातंत्र्य ही शरद जोशी यांच्यापासूनची मागणी आहे.

विरोधकांचे म्हणणे वेगळे आहे. तणनाशकाचा वापर वाढेल, तणे प्रतिकारक्षम होतील, निंदणीवर जगणाऱ्या शेतमजूर बायकांचे काम जाईल आणि शेतकरी बियाण्यासोबत रसायनासाठीही कंपनीवर अवलंबून राहील. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये निर्बंध घातले, हेही ते दाखवतात. बोंडअळीचा अनुभव त्यांच्या बाजूने आहे. गुजरातमध्ये गुलाबी बोंडअळीने बोलगार्ड-१ला दाद देणे आधीच बंद केले होते, आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रात बोलगार्ड-२च्या शेतांवरही तिने थैमान घातले.

या दोन बाजूंच्या वादात तिसरी बाजू नजरेआड होते. ती म्हणजे हे बियाणे प्रत्यक्षात विकणारी. ‘चोर बीटी’ हे शेतकऱ्याने घरी राखून शेजाऱ्याला दिलेले बी नाही. संघटितपणे तयार होणारा, पाकिटात भरला जाणारा, राज्यांच्या सीमा ओलांडून एजंटांमार्फत गावात येणारा हा माल आहे. त्याला संशोधनाचा खर्च नाही, चाचणीचा नाही, कराचा नाही आणि नुकसानभरपाईची जबाबदारीही नाही. कंपनीच्या मक्तेदारीला पर्याय म्हणून त्याच्याकडे पाहणारे विसरतात की हाही नफ्याचाच धंदा आहे, फक्त त्याला पाटी नाही.

भुर्दंड कोणावर पडतो?

शेतकऱ्यावर. अधिकृत बियाणे उगवले नाही किंवा सदोष निघाले तर तालुका तक्रार निवारण समितीकडे जाता येते, पंचनामा होतो. राज्याच्या कापूस बियाणे कायद्यात भरपाईची तरतूद आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेतकरी ग्राहक मंचाकडेही जाऊ शकतो, हे राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात स्पष्ट केले. मात्र यासाठी पावती, पाकीट, त्यावरचे लेबल आणि थोडे शिल्लक बियाणे जपून ठेवावे लागते.

पावतीशिवाय घेतलेल्या पाकिटाला यातले काहीच लागू होत नाही. तक्रार करायला गेले तर आपणच बेकायदा बियाणे पेरल्याची कबुली होते. त्यात तणनाशक सहन करणारे जनुक सगळ्याच दाण्यांत असेल याची खात्री नसते. अशा शेतात ग्लायफोसेट फवारले तर तणाबरोबर कपाशीही जळते. कोरडवाहू मराठवाड्यात एक पेरणी वाया जाणे म्हणजे बियाण्याच्या पैशांसोबत पावसाची ओल आणि हंगाम गमावणे.

पुढचा मार्ग काय?

पेटंटची मुदत संपल्याने एक दार उघडले आहे. नागपूरच्या केंद्रीय संस्थेने आणि अकोल्याच्या विद्यापीठाने सरळ बीटी वाणे आणली. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या नांदेड कापूस संशोधन केंद्राचे ‘एनएच १९०१ बीटी’, ‘एनएच १९०२ बीटी’ आणि ‘एनएच १९०४ बीटी’ हे सरळ वाण २०२४ मध्ये पुढे आले. सरळ वाणाचे बियाणे पुढच्या वर्षासाठी घरीच राखता येते. ते पुरेशा प्रमाणात आणि वेळेत गावात पोहोचले, तर कपाशीत जवळजवळ लुप्त झालेला बियाणे राखण्याचा हक्क कागदावरून शेतात येईल.

कायद्याच्या पातळीवर, केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात वाणांची नोंदणी आणि जबर दंडाची भाषा आहे. पण दंडाने पुरवठा थांबतो, मागणी थांबत नाही. एचटीबीटीला परवानगी द्यायची असेल तर चाचण्या पूर्ण करून, जबाबदारी निश्चित करून ती द्यावी लागेल. द्यायची नसेल तर निंदणीच्या खर्चाला पर्याय द्यावा लागेल. दोन्ही टाळून दर जूनमध्ये केवळ छापे टाकण्याचे धोरण सुरू राहिले, तर बियाण्यावर नफा मिळवणारे कंपनीचे असोत की काळ्या बाजाराचे, जोखीम मात्र पेरणाऱ्याच्याच वाट्याला येत राहील.